चौकट पाठीवर घेऊन

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकजणही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. माझ्या स्वतःच्या पायांचा माझ्यावर विश्वास उरला नाही, तिथं तुमचं काय घेऊन बसलात. पण माझ्या मुलाची कात्री सावकाश चालते, तुमचा नंबर यायला वेळ आहे, तोवर बाकावर बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा म्हाताऱ्याचं ऐकलेलं बरं.

उभं आयुष्य मी याच खुर्चीमागं उभ्यानं काढलं. अर्ध्या गावाची डोकी माझ्या हाताखालून गेली. त्यात काही मोठी म्हणवणारीही होती. आत काय होतं ते मला विचारू नका. दुकानामागं आमची खोली, मधे ते एक दार. आता गंमत बघा. मोकळ्या रस्त्यावर मी बरा चालतो, आणि त्या दारात आलो की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात तू हो पुढं. डॉक्टर म्हणतात, कंपवातात असं होतं. मागं एकदा गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात अडकलो. पाय तिथंच राहिले, वरचं अंग तेवढं पुढं गेलं. गिऱ्हाईक थोडक्यात वाचलं.

मुलगा त्या दिवशी म्हणाला, "बाबा, परत असं झालं तर तुम्ही आतच बसायचं. दुकानात यायचं नाही."

आत म्हणजे एक खाट, एक खिडकी आणि खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. ज्याला बोलल्याशिवाय घास उतरत नाही त्याला भिंतीसमोर बसवणं म्हणजे जिवंतपणी पुरणं.

तेवढ्यात कळलं की मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या चालण्यावर संशोधन चाललंय. ज्यांचे पाय असे अडकतात त्यांना निवडून चालण्याचा सराव देणार होते. मला वाटलं, जागा आपल्यासाठीच राखून ठेवलीय. अडकण्यात माझा हात कोण धरणार?

गेलो. एका लांबलचक खोलीत नेलं, अर्धी चड्डी घालायला दिली, गुडघ्यांना आणि घोट्यांना चकचकीत गोळ्या चिकटवल्या. भिंतीभर कॅमेरे. आणि जमिनीवर, कॅमेऱ्यांना अंतर कळावं म्हणून, आडव्या काळ्या पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मी एक पट्टी ओलांडली, दुसरी ओलांडली, आणि माझे पाय असे पडायला लागले, जसा काही शाळेत साहेब तपासणीला आलाय.

"छान चालताय की आजोबा," तिथली संशोधक मुलगी म्हणाली.

"बाई, मी नाही चालत, या पट्ट्या मला चालवतायत. समोर ओलांडायला काही दिसलं की पाय उचलतो. पट्ट्या काढा, मधे एक दार उभं करा, मग बघा माझी मजा."

ती हसली. मग मोठे डॉक्टर आले. त्यांनी माझ्या चालण्याच्या पडद्यावर उमटलेल्या रेघा बघितल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"यांच्या चालण्यात अडथळा नाही. आपल्या गटात बसत नाहीत."

"साहेब, घरी दारात अडकतो."

"घरी होतं, असं सगळेच सांगतात. इथं दिसेल तेच आम्ही मोजतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथं यांनी अंगण असं आखलं की लंगडाही नाचेल, आणि मग मलाच म्हणतात, याला काय धाड भरलीय. ज्या पट्ट्यांनी माझे पाय सुटतात त्याच पट्ट्यांवर उभं करून माझा आजार शोधतात. जखमेवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, जखम कुठं दिसत नाही. वर आजोबा म्हणायचं. कुठल्या नात्यानं?

मग मी काय केलं? घरी आलो, पहार घेतली आणि दुकानामागचं ते दार चौकटीसकट भिंतीतून उपटलं.

"एकट्यानं?" खुर्चीतले मास्तर तोंडाला साबण असतानाच बोलले.

"राग होता मास्तर. रागाला चार माणसांचं बळ असतं. हलू नका, कान जाईल."

तर चौकट पाठीवर घेतली आणि निघालो. बसवाला म्हणाला, दाराचं वेगळं तिकीट काढा. मी म्हणालो, दार उघडं आहे, उघड्या दाराला कसलं तिकीट? उतरवलं त्यानं. चालत गेलो. वाटेत एका बाईनं कडी वाजवून विचारलं, घरात कोण आहे का?

दवाखान्यात पोचलो आणि चौकट नेमकी त्या पट्ट्यांवर उभी केली. त्यात पाऊल टाकलं मात्र, अडकलो. पडद्यावरच्या रेघा सपाट. मोठे डॉक्टर धावत आले. "सरका, दार ओलांडायला काय लागतं ते मी दाखवतो," म्हणाले. मला बाजूला ओढलं, ऐटीत शिरले, आणि तेही अडकले. त्यांना ओढायला ती मुलगी आली, ती अडकली. तिच्या मागं पहारेकरी. जेवणाची सुट्टी संपली तरी रांग हलेना. मी खुर्ची घेऊन समोर बसलो आणि म्हणालो, "डॉक्टर, घाबरू नका. इथं दिसेल तेवढंच मोजा."

शेवटी त्यांनी हात जोडले. डोळ्यात पाणी होतं हो. म्हणाले, "काका, चुकलो. सोमवारपासून सरावाला या. पहिली जागा तुमची."

बाकावरचे हसत होते. मास्तरांचा साबण उडत होता.

"खोटं," ही म्हणाली. माझी बायको आरशाखाली टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"अगं, यातलं कुठलं खोटं?"

"चौकट मागं आहे तशी आहे, ती लोकांना दिसतेय. मी तिचं म्हणत नाही. परत गेलो तेव्हा आपण दोघंच होतो, रिकाम्या हातानं, विनवायला. त्यांच्या दवाखान्याच्या काचेच्या दारात तुमचे पाय अडकले. मी दंडाला धरून उभी. मागची माणसं खेकसत होती."

मुलाचा वस्तरा थांबला.

"ती मुलगी आतून बघत होती," ही म्हणाली. "तिनं हातानं खूण केली, आजोबा, बाजूला व्हा. डॉक्टरही शेजारच्या दारानं निघून गेले. कुणी अडकलं नाही, कुणी हात जोडले नाहीत. कुणी मोजलंही नाही. कॅमेरे सगळे आतल्या खोलीत होते."