गाजलेला शोधनिबंध

नवी औषधं शोधण्यात डॉक्टरांची हयात गेली, पण त्यांनी प्रयोगशाळेत घडवलेलं एकही रसायन गोळी होऊन दुकानात पोचलं नाही. काही रसायनांनी उंदीरच संपवले, बाकीच्यांना उंदरांनी भीक घातली नाही. बहुतेक शोधनिबंधही परीक्षकांकडून कारण न देता साभार परत आले. एक मात्र छापून येऊन जगभर गाजत होता. त्याचा उल्लेख आणखी किती जणांनी केला, हे रोज चहाआधी बघायचं आणि आकडा वाढला की छाती पुढे काढून घरभर फिरायचं, हा त्यांचा नेम.

"एवढं काय आहे हो त्यात?" दुधाचं करपलेलं पातेलं खरवडत बायकोने विचारलं.

माहेरी आलेली लेक त्याच विषयातली. तिने ते उल्लेख उघडून वाचले आणि कसंबसं हसू आवरलं. "बाबा, तुमच्या औषधाचं कुणी नावही घेत नाही. सगळ्यांनी शेवटची टीप उचललीय. काचेच्या चंबूला चिकटलेलं डांबर कसं काढायचं, ती."

डॉक्टर आधी खट्टू झाले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. त्यांच्या हातून हमखास तयार होणारा पदार्थ एकच, डांबर. तो खरवडण्यात त्यांचा हात कोण धरणार?

बायकोने पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं. "जगाला शिकवलंत ना? आता घरात काय दिवे लावताय बघू."

बाह्या सरसावून त्यांनी घाम फुटेस्तोवर घासलं. बायकोने पातेलं खिडकीशी धरून निरखलं आणि परत त्यांच्याच हातात दिलं. "कडेला राहिलंय."

साभार परत! डॉक्टरांनी निमूटपणे पुन्हा घासणी उचलली. निदान या परीक्षकाने कारण तरी सांगितलं होतं.