तांबडा कुत्रा कुणाकडे आहे?

"ही पोरगी कुत्र्यांशी तासन्‌तास बोलते आणि माणसांना नुसतं हं-हं करते. हिच्यावर लक्ष ठेव, सूनबाई," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या संशयातून दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणीच सुटलेलं नाही.

माझा नवरा जनावरांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर आम्ही: तो, मी, सासूबाई आणि नुकती भिंत धरून चालायला लागलेली आमची लेक. ती पोरगी कॉलेजात शिकायची, सुट्टीच्या दिवशी कुत्र्यांना आंघोळ घालायला यायची. जाड भिंगांमुळे आमच्यात तिचं नावच चष्मेवाली. मला ताई म्हणायची. लेकीला तिच्या मांडीवर सोडून मी वर कपडे वाळत घालून यायचे.

दवाखान्याच्या मागे एक वेगळी खोली आहे. माणसाला चावलेला कुत्रा तिथे ठेवायचा आणि काही दिवस नजरेखाली ठेवायचा. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात कळतं. त्या वेळी तिथे एक तांबडा कुत्रा होता, डावा कान फाटलेला. पोस्टमनला चावला होता. पोस्टमनने लगेच इंजेक्शनं घेतली, तो ठणठणीत आहे. कुत्र्याचा मात्र खालचा जबडा लोंबायला लागला, लाळ गळायला लागली, पाणी तोंडातून परत सांडायला लागलं. नवरा जेवताना हलकेच म्हणाला, "रेबीजच दिसतोय. बाळाला तिकडे फिरकू देऊ नकोस."

चष्मेवालीने नेमका तो लोंबता जबडा खिडकीतून मोबाईलवर टिपला. तिच्या प्राणिमुक्तीवाल्या टोळीने तो व्हिडिओ जगभर फिरवला. खाली लिहिलं होतं, 'जबडा मोडेपर्यंत मारलं. उपाशी ठेवलं.' नवरा खुलासा लिहायला बसला तोवर फोन सुरू झाले. एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या मुलीला असंच कोंडलं तर?" सकाळी दार लाल रंगाने माखलेलं. मग माझ्या कडेवरच्या लेकीचा फोटो आला, घराच्या पत्त्यासकट. जिला अजून स्वतःचं नाव सांगता येत नाही तिचा पत्ता गावभर वाटणाऱ्यांनी मला दयेचे धडे देऊ नयेत.

दुपारी दवाखाना बंद करून आम्ही सगळे पोलिसांत तक्रार द्यायला गेलो. तेवढ्यात त्यांनी मागचं कुलूप तोडून कुत्रा नेला. 'मुक्त झाला' असा फोटोही टाकला. त्यात कुणाचा तरी उघडा हात कुत्र्याचा जबडा खालून सावरून धरत होता. मनगटावरचं घड्याळ मी ओळखलं.

लेकीला सासूबाईंकडे देऊन मी थेट चष्मेवालीच्या घरी गेले.

"मॅडम, तुम्ही यायला नको होतं," ती दारातच म्हणाली. ताईची मॅडम झाले होते मी.

"कुत्रा कुठेय?"

"सुरक्षित आहे."

"अगं, तो पिसाळलाय. जबडा माराने नाही, रोगाने लोंबतोय."

"तुम्ही हेच म्हणणार, ते आम्हाला आधीच सांगितलं होतं."

"कुणी?"

"आमच्यातल्यांनी. पकडलं की सगळे डॉक्टर हेच म्हणतात म्हणे."

"हात दाखव."

तिने हात पाठीमागे नेला. तिची आई आतून आली, तिने तो ओढून पुढे आणला. अंगठ्यापाशी ओरखडा होता.

"चावला नाही," ती पुटपुटली. "भरवताना दात लागला."

"भरवताना," आई म्हणाली. "घरात स्वतःचं ताट उचलत नाहीस आणि तिथे घास भरवतेस. चप्पल घाल."

हॉस्पिटलात इंजेक्शन टोचून झाल्यावर तिचा ताठा उतरला. टोळीचा नियम तिने तेव्हा सांगितला: सोडवणाऱ्याने जनावर दुसऱ्याकडे द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि पुढचं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. पोलिसांनी उलटं टांगलं तरी सांगायला काही नसतं. मोठी हुशारी.

बाकावर बसल्या बसल्या तिने ग्रुपवर लिहिलं, 'कुत्रा खरंच पिसाळलाय. ज्याच्याकडे आहे त्याने लस घ्या.' उत्तर आलं, 'डॉक्टरने फितवलं वाटतं.' मग तिला ग्रुपातूनच काढलं. ज्याच्या हाती कुत्रा दिला होता त्याला तिने फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर.

"तू घाबरू नकोस," तो म्हणाला. "घर मस्त मिळालंय. लहान पोरगं आहे, हाताने दूध-पोळी भरवतंय त्याला."

"कुणाचं घर? अरे, सांग ना."

"नियम विसरलीस?" फोन बंद झाला, तो आजही बंदच आहे. पोलिसांना तो सापडलेला नाही.

कुत्रा एव्हाना मेला असेल. त्याचं पापही त्यांनी माझ्या नवऱ्याच्या माथी मारलं असेल, मारू देत. पण त्या पोराला कुणी काही सांगितलं नसणार. माणसात हा रोग एकदा दिसायला लागला की कुठल्याच डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. त्याआधी लस मिळाली तर माणूस वाचतो.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या इमारतीत, नात्यात, मुलांच्या वर्गात कुणाकडे मध्यंतरी असा तांबडा, फाटक्या कानाचा कुत्रा आला होता का? आमच्याबद्दल हवं ते बोला. पण त्या घरी जा, त्या पोराची चौकशी करा. हातावर ओरखडा दिसला नाही तरी लाळ लागलेली असते. त्याला आजच दवाखान्यात न्या.