सवत न्यायला आलेली बाई

जालन्याला मोटारीतून उतरल्यावर साळूबाईनं तिघांना वाट विचारली. पहिल्या दोघांनी तिच्याकडं पाहून नुसतीच मान फिरवली. तिसरा पानवाला होता. तो म्हणाला, "पागलखाना? तो तर बंद पडला, मावशी. तीन साल झाले. तिथं आता कोणी न्हाई."

"न्हाई कसं? एवढी मान्सं कुठं जातेत?" साळूबाई म्हणाली आणि त्यानं बोट केलं त्या दिशेला चालू लागली.

पिंपळगाव रेणुकाईहून ती झुंजुमुंजू असतानाच निघाली होती. भोकरदनपर्यंत पुतण्याच्या बैलगाडीत, तिथून मोटारीत. डोळे दाखवायला जाते, असं तिनं पुतण्याला सांगितलं होतं. हातातल्या फडक्यात चार भाकरी आणि लसणाची चटणी होती. दोन आपल्याला, दोन आसराला. आसराला घरी आणल्यावर गाव काय म्हणेल, ती आपल्याला ओळखेल का, आपल्यासोबत यायला तयार तरी होईल का, यातला एकही विचार तिनं पुरता केला नव्हता.

आसरा तिची सवत. लग्नाला दहा वर्षं होऊनही साळूबाईला मूल झालं नाही, म्हणून कडूबानं दुसरी केली. ती पोरगीही साळूबाईनंच पसंत केलेली. सोळा-सतरा वर्षांची, बुटकी, काम करताना सदा गुणगुणणारी. तिला मुलगा झाला आणि पाच महिन्यांचा होऊन गोवरानं गेला. आसराचं गुणगुणणं थांबलं. मग एका दुपारी तिनं शेजारच्या द्वारकाबाईचं तान्हं लेकरू पाळण्यातून उचललं, घरी आणलं आणि पदराखाली घेऊन बसली. कोणाला देईना. गाव गोळा झालं. लेकराला साधं खरचटलंही नव्हतं. पण पोलीस पाटलानं विचारलं, "कुठं घेऊन चालली होती?" तेव्हा साळूबाई म्हणाली, "हिरीकडं."

आसरा विहिरीकडं गेलीच नव्हती. चुलीपाशी बसली होती. साळूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तो शब्द तिच्या तोंडून गेला आणि त्याच्यावर कागद झाला. आठ दिवसांनी कडूबानं आसराला गाडीत बसवलं. माहेरी सोडतो, असं तिला सांगितलं. आसरानं त्या दिवशी किती तरी दिवसांनी स्वतःच्या हातानं वेणी घातली होती.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. कडूबा जाऊनही दोन वर्षं झाली. शेत पुतणे पाहत. साळूबाई सकाळी दोन भाकरी थापायची, त्यातली एक खायची, दुसरी गाईला घालायची. गावातली माणसं वाईट नव्हती, पण सगळी कामापुरतं बोलत. पवळ्या बैलानं कडूबाला कासऱ्यासकट ओढ्यातून कसं फरफटत नेलं, हे आठवून तिला एकटीलाच हसू यायचं. मग वाटायचं, हे कोणाला सांगावं? ते पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि त्याला तिनंच घालवलं होतं.

अंबडच्या वाटेला गाव संपल्यावर मोठा माळ लागला. माळाच्या मधोमध जुन्या फौजेच्या लांबच लांब दगडी बराकी होत्या. भोवती कमरेच्या वर आलेली पडकी भिंत. फाटकापाशी खाकी कोट घातलेला एक म्हातारा बाज विणत बसला होता. त्याचं नाव रखमाजी.

"बंद हाये, माय," तो मान वर न करता म्हणाला. "लढाई लागली तवा फौजेला जागा पायजे म्हणून खाली केला. समदे येडे रेल्वेत घातले अन् लांब नेले. फौज काई आली न्हाई."

"माझी सवत हुती हितं. आसराबाई. पिंपळगावची."

रखमाजीचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग पुन्हा सुतळी ओढत म्हणाला, "आसराबाई ना? ती मेली. दफ्तरात तसंच लिवलंय."

साळूबाई तिथंच मातीत बसली. तिला रडू आलं नाही. बराच वेळ ती फडक्याची गाठ सोडत राहिली, बांधत राहिली. मग म्हणाली, "कुठं राहात हुती ते तरी दावा."

"काय हाये तिथं पाह्यला? वटवाघळं हायेत."

"मंग वटवाघळंच पाहून जाते."

रखमाजीनं हातानंच बायकांची बराक दाखवली. तिच्यासोबत गेला नाही.

आत शिरल्यावर साळूबाईला आधी वास आला. ओल्या चुन्याचा आणि पाखरांच्या विष्ठेचा. वरचे दोन-तीन पत्रे उडाले होते, तिथून उन्हाचे चौकोन खाली पडले होते. दोन्ही भिंतींना लागून दगडी ओटे होते, माणूस झोपेल एवढे, एकाला एक खेटून. प्रत्येक ओट्याच्या वर भिंतीवर काळ्या रंगात काहीतरी आकडा होता, उर्दूत. साळूबाईला मराठीही वाचता येत नव्हतं. ती नुसती पाहत चालली. कोपऱ्यात जर्मनच्या हलक्या पत्र्याच्या थाळ्यांचा ढीग पडला होता, तळाशी भोकं पडलेल्या. एका खिडकीच्या गजाला कोणीतरी लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधल्या होत्या, एकाखाली एक, गजभर. बांधणारीनं घाई केली नव्हती. प्रत्येक गाठ सारखी होती.

भिंतीवर ओट्यांच्या मागं तेलकट काळे डाग होते. आधी तिला ते ओलीचे वाटले. मग ध्यानात आलं की इथं बायका भिंतीला डोकं टेकून बसत. वर्षानुवर्षं. उंच बाईचा डाग वर, ठेंगणीचा खाली. साळूबाई एकेक डाग पाहू लागली. आसरा आपल्या खांद्याला लागायची. बसल्यावर तिचं डोकं कुठवर येईल? तीन-चार डाग तेवढ्याच उंचीचे होते. त्यातल्या एका ओट्यावर ती बसली, दुसऱ्यावर बसून पाहिलं. यातला कोणता आसराचा, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी खिडकीजवळच्या ओट्यावर ती बसून राहिली. तिथून माळ दिसत होता, आणि माळावर काहीच नव्हतं.

बराकीच्या टोकाला एक लहान खोली होती. दार जाड, मधे हात जाईल एवढी झडप. साळूबाई आत गेली. भिंतीत लोखंडी कडं होतं, दुसरं काही नव्हतं. ती वळते न वळते तोच वारा आला आणि दार मागून धाडकन लागलं, बाहेरची कडी खळकन पडली.

तिनं ढकललं. दार हललं नाही. आतून चाचपलं, तर कडी नव्हती, खुंटी नव्हती, धरायला मूठही नव्हती. सगळं बाहेरून. तिनं झडपेतून हात काढून पाहिला, तो कोयंड्यापर्यंत पोचत नव्हता. आधी तिनं हळू हाक मारली, मग मोठ्यानं. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, इतकी ती ओरडू लागली. "मी येडी न्हाई! उघडा! मी येडी न्हाई हो!"

किती वेळ गेला कोण जाणे. रखमाजीनं दार उघडलं तेव्हा तिच्या हातांची कातडी सोलली होती.

"आसरा," ती धापा टाकत म्हणाली, "आसराबी असंच म्हणली आसंल."

"समद्याच म्हणायच्या," रखमाजी म्हणाला. "पहिले आठ दिवस."

त्यानं तिला बाहेर निंबाखाली बसवलं, मडक्यातलं पाणी दिलं. साळूबाईनं अर्धं पाणी तोंडावर मारलं. मग तिनं कोणी विचारलं नसताना सगळं सांगून टाकलं. लेकरू, पाटील, विहीर. "हिरीकडं गेलीच नव्हती ती," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मला तिचा कटाळा आला हुता. अन् तिला लेकरू झाल्तं, मला न्हाई, त्याचाबी राग हुता. आता काय लपवू?"

रखमाजीनं कोटाच्या खिशातून तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकली नाही.

"तुमच्याकडं पवळ्या म्हणून बैल हुता का?" त्यानं एकदम विचारलं.

साळूबाई दचकली. "हुता की. तुमाला काय ठाऊक?"

"अन् सर्ज्या? अन् चांदी म्हणून म्हैस?"

"चांदी माझ्या माहेरची. तुमाला कुनी सांगितलं?"

"इथं बायकाला दळण लावायचे. आठ जाती हुती. आसराबाई जात्यावर बसली की गाणं म्हणायची. देवाचं न्हाई, दादल्याचं न्हाई. समद्या जनावरांची नावं घ्यायची. पवळ्या असा, सर्ज्या तसा, चांदीला रेडकू झालं. मी पहाऱ्यावर असायचो. ऐकून ऐकून मला तुमचा गोठा पाठ झाला." तो जरा हसला. "साळू म्हणून एक गाय हुती का? तिचंबी नाव लई घ्यायची. साळू आली न्हाई, साळू रानात ऱ्हायली, साळूला कुनीतरी आना, असं."

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. वर निंबाच्या मोहराला मधमाशा लागल्या होत्या, त्यांचाच आवाज येत होता.

"हुती," ती शेवटी म्हणाली.

"मारकी हुती का?"

"हुती. मारकी हुती."

रखमाजीनं मान हलवली. मग उठून तो फाटकापर्यंत गेला, रस्त्यावर दोन्हीकडं पाहून आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "माय, तुम्ही खरं बोलल्या म्हणून सांगून राह्यलो. कुठं बोलू नका. माझी नोकरी हाये."

त्यानं सांगितलं ते असं. शांत असलेल्या बायकांना शेवटी शेवटी दिवसा माळावर हिंडू देत. तिथं धुळाजी धनगराचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट सगळं बिऱ्हाड, उतरायचा. आसरा त्याच्या कोकरांत जाऊन बसायची. धुळाजीची बायको गोपिकाबाई तिला कोकरं पाजायला द्यायची, आणि आसराचं चित्त हळूहळू जाग्यावर आलं. रेल्वेत घालायच्या दिवशी पहाटे आसरानं रखमाजीला हात जोडले. त्यानं मागचं फाटक उघडलं, आणि ती धुळाजीच्या वाड्याबरोबर निघून गेली. मोजणीत एक बाई कमी भरली. दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मग दरोगा वैतागून म्हणाला, लिवा मेली.

"जित्ती हाये?" साळूबाईनं त्याच्या कोटाची बाही धरली.

"गेल्या साली जित्ती हुती. दिवाळीनंतर वाडा भोकरदनच्या अंगाला उतरतो."

साळूबाईनं फडकं सोडलं. दोघांनी चटणी-भाकर खाल्ली. दोन भाकरी उरल्या त्या ती रखमाजीपाशीच ठेवून आली.

दिवाळी झाली तशी तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक धनगराला विचारलं. कापणी झालेल्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवा, असा निरोप चार वाड्यांकडं पाठवला. पाचवा वाडा धुळाजीचा निघाला.

साळूबाई शेतात गेली तेव्हा आसरा मेंढ्या कोंडायच्या वाघराच्या जाळीशेजारी एका आजारी कोकराच्या तोंडात बोटानं दूध घालत होती. केस तिशीतच पांढरे झाले होते, अंग काटक. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. तिनं वर पाहिलं.

"आक्का," ती म्हणाली. कालच भेटल्यासारखं.

मग तिची नजर साळूबाईच्या कपाळावर गेली. ते मोकळं होतं. आसरा बराच वेळ तिकडं पाहत राहिली. कोकरू मांडीवरून न उतरवता तिनं डाव्या हातानं पदर घेतला आणि आपलं कपाळ पुसलं. नीट पुसलं गेलं नाही, तांबडा फराटा राहिला. साळूबाईनं पुढं होऊन आपल्या पदरानं तो पुसला.

"हिरीचं मी खोटं सांगितलं हुतं," साळूबाई म्हणाली.

"ठाऊक हाये."

"घरी चल, आसरा. मी एकटीच हाये."

आसरानं मान हलवली. "घराला दार आसतं, आक्का. मला दार लागलं की झोप लागत न्हाई."

साळूबाईला सोललेल्या तळव्यांची आठवण झाली.

वाडा तीन दिवस शेतात होता. तिन्ही दिवस साळूबाई सकाळीच भाकरी बांधून जायची आणि दिवस बुडाल्यावर परतायची. दोघी बांधावर बसून पवळ्याच्या, चांदीच्या गोष्टी बोलत. मुलाचं नाव एकदाच निघालं, आणि दोघींनी ते तिथंच राहू दिलं. चौथ्या दिवशी वाडा हलला.

पुढची दोन वर्षं आसरा दिवाळीनंतर येत राहिली. मग मुलखात गडबड सुरू झाली, वाटा बंद पडल्या, आणि त्या साली एकही वाडा उतरला नाही. फौजा आल्या, राज्य बदललं, पुन्हा दिवाळी आली. पुतण्यांनी शेतात ज्वारी पेरायला पाभर काढली, तेव्हा साळूबाई ओढ्याकडच्या तुकड्यात जाऊन उभी राहिली.

"एवढं पेरू नका," ती म्हणाली.

"कशाला मोकळं ठिवायचं, काकू?"

"मेंढ्या बसवायच्यात."

"कोणाच्या?"

साळूबाई हलली नाही. पुतण्यानं जरा वेळ वाट पाहिली, मग पाभर वळवली आणि तेवढा तुकडा सोडून बाकीचं शेत पेरून घेतलं.