कवडशाचं वेळापत्रक

बाल्कनीत ऊन यायचं ते समोरच्या इमारतीतून. तिसऱ्या मजल्यावरची ती बाल्कनी चार फूट बाय साडेसात, तोंड उत्तरेला. सूर्य वर्षभर तिच्याकडे पाठ करून असायचा. पण रस्त्यापलीकडे पाचव्या मजल्यावर एक खिडकी होती. तिचं तावदान कायम अर्धवट बाहेर उघडलेलं असायचं. दहा चाळीसला त्या काचेवरून उडालेला कवडसा बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात पडायचा, उशीएवढा, तिरका. बारा पंचवीसपर्यंत तो सरकत सरकत उजव्या कठड्याला पोचायचा आणि मग शेजाऱ्यांच्या भिंतीवर निघून जायचा.

या वेळा घरातल्या सुनेने आठवडाभर वहीत मांडून काढल्या होत्या. तिचं कामच ते. शहराच्या बस डेपोत ती गाड्यांची वेळापत्रकं करायची. ड्युटी दुपारी दोनपासून, त्यामुळे सकाळी ती घरी असायची आणि खण ढकलायची.

खण मोडीत काढलेल्या कपाटाचा होता. नवऱ्याने त्याला तळाशी नऊ भोकं पाडली, वजन आटोक्यात राहावं म्हणून निम्मी माती आणि निम्मा नारळाचा भुसा भरला आणि डेपोतल्या भंगार खुर्च्यांची चार चाकं खाली ठोकली. वर कपडे वाळवायचा स्टँड उभा बांधला. स्टँडवर घेवड्याचे दोन वेल चढवले होते आणि मागे पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवला होता, म्हणजे आलेलं ऊन वाया जायला नको. पालक आणि पुदिना कापलेल्या बाटल्यांतून कठड्याला लटकत होते; त्यांचं सावलीत भागायचं. घेवड्याचं भागत नव्हतं. म्हणून दर दहा मिनिटांनी खण एक वीत उजवीकडे.

"तुझी ही एकच गाडी वेळेवर धावते," नवरा म्हणायचा.

ती हसायची नाही. घेवड्याच्या बाबतीत तिला हसू येत नसे.

सासूबाई मागे अंगण असलेलं घर सोडून इथे राहायला आल्या तेव्हा सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकण गंजलेलं. सुनेने आतले घेवड्याचे दाणे स्वयंपाकघरातल्या बरणीत ओतले आणि डबा बाल्कनीत टाकला. पुढच्या रविवारी तिने ते दाणे भिजवले आणि शिजवले. नवऱ्याने दोनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावायच्या थांबल्या आणि विचारलं, "हे कुठून आणलेस गं?"

"तुमच्याच डब्यातले, आई. छान लागतात ना?"

"छान लागतात," सासूबाई म्हणाल्या आणि ताट पूर्ण संपवलं.

ते बियाणं होतं. त्यांच्या आईकडून आलेलं, तपकिरी, एका टोकाला मोहरीएवढा पांढरा ठिपका असलेलं. चाळीस वर्षं दर हंगामाला पेरलेलं आणि दर हंगामाला थोडं राखलेलं. हे सुनेला दोन दिवसांनी नवऱ्याकडून कळलं. तोवर भांडंही घासून झालं होतं. ती धावत बाल्कनीत गेली, डब्याच्या तळाचा कागद उचकटला. खाली अकरा दाणे चिकटलेले होते, किती वर्षांपूर्वीचे देव जाणे. ओल्या फडक्यात ठेवलेल्या अकरांपैकी दोन उगवले.

सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. ना त्या दिवशी, ना पुढच्या दिवसांत. चार शब्द ऐकवले असते तर सुनेला बरं वाटलं असतं. त्याऐवजी त्या सकाळी बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून दुखरा गुडघा चोळत बसायच्या आणि सून खण ढकलताना बघायच्या.

वेलांना फुलं आली. पहिल्या चार शेंगा बोटाएवढ्या झाल्या. त्या खायच्या नव्हत्या. वेलावरच पिकून, वाळून, हलवल्यावर आत दाणे खुळखुळेपर्यंत ठेवायच्या होत्या. अजून पाचेक आठवडे.

एका बुधवारी दहा चाळीसला कवडसा आला नाही.

सून कठड्यावरून वाकली. आभाळ स्वच्छ होतं. समोरची खिडकी घट्ट बंद होती, आतून जाड पडदा. काच सपाट झाल्याने कवडसा आता तिच्या बाल्कनीपासून तीन खिडक्या पलीकडे, जिन्याच्या बिनकामाच्या भिंतीवर पडत होता.

"घरात कुणी आजारी असेल," सासूबाई म्हणाल्या.

गुरुवारीही खिडकी बंद. खण ढकलायचं काम उरलं नाही, तरी सुनेचं दर दहा मिनिटांनी उठणं थांबेना. उठायची, भिंतीवरचा कवडसा बघायची, परत बसायची. भाजी चिरायला घ्यायची आणि अर्धी टाकून बाहेर यायची.

"अगं, पायाला भिंगरी बांधल्यासारखी काय करतेस? बस की."

"बसलेच आहे, आई."

"कुठे बसली आहेस? उभी आहेस."

शुक्रवारी सकाळी खणात सात फुलं गळून पडलेली होती. सासूबाईंनी ती एकेक करून वेचली, तळहातावर धरली आणि पुदिन्याच्या मातीत टाकली. सुनेने चपला घातल्या.

पाचव्या मजल्यावर तिने तीनदा बेल वाजवली. दार उघडणारा माणूस झोपेतून उठून आला होता. बनियनवर, कानांच्या मागे, मनगटांवर पिठाचे पांढरे डाग.

"काय आहे?"

"मी समोर राहते. तुमची ती खिडकी..."

"माझी खिडकी माझ्या घरात आहे ना?"

"आहे. पण ती उघडी असली की आमच्याकडे ऊन येतं." तिने घेवड्याचं सगळं सांगितलं, घाईघाईने, फक्त बियाणं शिजवल्याचं तेवढं गाळून.

त्याने ऐकून घेतलं आणि डोळे चोळले. "म्हणजे तुमच्या शेंगा वाळाव्यात म्हणून मी जागं राहायचं."

"जागं कशाला? उघडी ठेवून झोपा ना."

"आत या. या, या. ऐका."

त्याने खिडकी ढकलली. खालून बसच्या इंजिनाची घरघर सरळ खोलीत शिरली. टेबलावरचा चमचा कपात किणकिणायला लागला.

"मी बेकरीत असतो. रात्रभर भट्टीपुढे. नऊला घरी येतो, दहाला डोळा लागतो आणि साडेदहाला ही सुरू. एक जाते, दुसरी येते, आठ-आठ मिनिटं अशीच घुरघुरत उभी. साडेबारापर्यंत. माझ्या आधीचा भाडेकरू बहिरा असणार. खिडकी बंद केली की भट्टीत झोपल्यासारखं होतं, पण निदान झोपतो." त्याने खिडकी धाडकन लावली. "ज्या शहाण्याने ही गाडी इथे उभी करायचं ठरवलं ना, त्याला आठ दिवस या खोलीत कोंडायचं आहे मला."

सुनेने गाडीचा नंबर पाहिला होता. तेवीस. त्या शहाण्याला ती चांगली ओळखत होती. दीड वर्षापूर्वी तेवीस नंबरची विश्रांती शेवटच्या थांब्यावरून या कोपऱ्यावर तिनेच आणली होती, कारण इथे चालकांसाठी स्वच्छतागृह होतं आणि तिथे नव्हतं. त्याबद्दल डेपोतल्या साहेबांनी तिची पाठ थोपटली होती. आपण राहतो तो रस्ता तिने नकाशावर पाहिला होता, पण घरासमोर काय उभं राहणार याचा विचार केला नव्हता. तिच्या खिडक्या दुसऱ्या बाजूला होत्या. बाल्कनीत ती बसायला लागली घेवड्यापासून, आणि तेव्हापासून तिचं लक्ष वर असायचं.

"बघते काहीतरी," ती म्हणाली.

"तुम्ही काय बघणार?"

"बघते."

त्या दुपारी डेपोत तिने विचारलं तेव्हा साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "नवीन वेळापत्रक दोन महिन्यांनी. मधे बदल नाही. हा नियम तुमचाच आहे, बाई." तो तिचाच होता. आणखी एक नियम होता, तिच्याही आधीचा: तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद. तो नियम कुणी पाळत नव्हतं. तिने त्याची नोटीस टाइप केली आणि चालकांच्या खोलीत लावली.

"जुन्या गाड्या आहेत, बाई," एक चालक म्हणाला. मिशांमुळे त्याला सगळे जनरल म्हणत. "बंद केली की परत सुरू होताना नखरे करते."

"चार महिन्यांपूर्वी सगळ्या बॅटऱ्या बदलल्यात."

"मग सवय म्हणा." आणि त्याने चहाचा कप नोटिशीखालच्या फळीवर ठेवला.

शनिवारी साडेदहाला सून खाली थांब्यावर उभी होती. गाडी आली की दारावर टकटक. जनरलने मान बाहेर काढली. "वेळापत्रकवाली रस्त्यावर? आमचं काही चुकलं का?"

"इंजिन."

त्याने बंद केलं. रस्ता एकदम शांत झाला. पण वर खिडकी बंदच, कारण बेकरीवाला गाढ झोपला होता आणि शांतता झालीय हे त्याला कळणार कसं? सून मधल्या वेळात तीन मजले चढून वर यायची, काही उपयोग नसताना खण सरकवायची, पुन्हा खाली पळायची. रविवारी तेच. सोमवारी तेच. त्याच्या दाराखालून तिने चिठ्ठी सरकवली: गाड्या आता बंद असतात, कृपया खिडकी उघडून पाहावी. उत्तर आलं नाही. एक वेल खालून पिवळा पडायला लागला.

मंगळवारी ती धापा टाकत वर आली तर सासूबाई दारात काठी आणि घडीचं स्टूल घेऊन उभ्या.

"तू वर थांब. मी जाते."

"आई, तुमचा गुडघा."

"मला एकदा उतरायचंय आणि एकदा चढायचंय. तू सकाळपासून सहा वेळा केलंस. माझा गुडघा परवडला, तुझी धाप नको. आणि पडलेली फुलं वेचत बसण्यापेक्षा हे बरं."

सुनेने कठड्यावरून पाहिलं. सासूबाई थांब्यावर स्टूल टाकून बसल्या. तेवीस नंबर आली. त्यांनी काठीने दार ठोठावलं. जनरलने अदबीने दार उघडलं.

"या आजी, सावकाश."

"मला यायचं नाही. तू चावी फिरव."

"ऑं?"

"चावी, बाळा. झोपलेत लोक."

"तुम्ही कुठल्या खात्याच्या, आजी?"

"सासू खात्याची. तुमच्या वेळापत्रकवालीची सासू. तिने ही गाडी इथे थांबवायची ठरवली आणि आता तीच खाली-वर पळतेय. तेव्हा चावी फिरव."

त्या बोलत असतानाच जनरलने इंजिन बंद केलं, त्यामुळे शेवटची दोन वाक्यं अख्ख्या रस्त्याने ऐकली. त्या दिवशी भट्टीचं काहीतरी बिघडल्याने उशिरा घरी परतणाऱ्या बेकरीवाल्यानेही. तो हातातली पिशवी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने वर पाहिलं.

"म्हणजे तो शहाणा तुम्हीच!"

सुनेचे हात खणावर होते. "हो. मीच."

"आणि माझ्या घरात उभं राहून म्हणालात, बघते काहीतरी!"

"बघितलं ना! कान देऊन ऐका, गाडी उभी आहे."

त्याने गाडीकडे पाहिलं. जनरलने दोन्ही हात वर करून दाखवले. बेकरीवाला आपल्या इमारतीत शिरला. सुनेने मोजलेली मिनिटं: सहा. मग समोरचं तावदान हललं. जास्त उघडलं. कवडसा उडून चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या चादरीवर गेला. तिने हाताने खुणा केल्या: आत, अजून आत, थोडं बाहेर. त्याने तावदानाला बूट लावला. कवडसा खाली घसरला, कठड्यावर थरथरला आणि वेलांवर येऊन पडला.

पुढचे पाच आठवडे सासूबाई रोज दोन तास थांब्यावर बसल्या. पिवळा वेल वाचला नाही. दुसऱ्याला नवीन फुलं आली नाहीत, पण आधीच्या चार शेंगा राहिल्या. फुगल्या, फिकट झाल्या, सुरकुतल्या. सून रोज सकाळी त्या हलवून बघायची. "ठेव गं," सासूबाई म्हणायच्या, "हाताळून सुकत नाहीत त्या."

एका रविवारी चारही खुळखुळल्या. सासूबाईंनी ताटात सोलल्या. एकवीस दाणे. एकोणीस टपोरे, दोन चपटे. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. सून बिस्किटांचा तो डबा घासून, पुसून घेऊन आली.

सासूबाईंनी त्यात सातच दाणे टाकले. उरलेल्यांच्या दोन पुड्या बांधल्या.

"या कुणाला?"

"एक त्या बेकरीवाल्याला. त्याच्या खिडकीत दिवसभर ऊन असतं. एक मिशीवाल्याला, त्याच्या घरामागे जागा आहे म्हणाला." त्यांनी डब्याचं झाकण दाबलं. "चाळीस वर्षं सगळं एकाच डब्यात ठेवलं मी. आणि वर साधं नावसुद्धा लिहिलं नाही. कुणीही शिजवलं असतं."

सुनेने दोरा उचलला आणि पुड्या पुन्हा एकदा बांधल्या, त्या बांधलेल्याच असताना.

पाचला बेकरीवाला स्वतःच आला, ताजा पाव घेऊन. सासूबाईंनी त्याच्या हातावर पुडी ठेवली. त्याने ती उघडली, एक दाणा चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"सुंदर आहेत. भिजवायचे किती वेळ? आणि कांदा आधी घालायचा की नंतर?"

"शिजवायचे नाहीत!" सून इतक्या जोरात ओरडली की नवरा आतून धावत आला. मग तिने त्याच्या हातातून पुडी काढून घेतली, टेबलावरचं पेन उचललं आणि कागदावर तेच मोठ्या अक्षरांत लिहून परत दिली.