वेगळा पेला

बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि दिवाळीच्या आधीच उस्मानाबादच्या सहकारी संघाची एकुलती एक जीप दुष्काळी कामांवर गेली. गावोगावच्या सोसायट्यांनी चारा डेपो उघडले होते. कडबा वेळेवर येतो का, लहान शेतकऱ्याच्या बैलापर्यंत पोचतो का, हे बघायला संघाचे तपासनीस मच्छिंद्र ओव्हाळ यांना आठवड्यातून चार दिवस फिरावं लागे. साहेबांनी त्यांना भाड्याची गाडी घ्यायची परवानगी दिली.

गाडी हणमंतप्पांची होती. एसटी स्टँडसमोरच्या लिंबाखाली त्यांची काळी अँबॅसडर उभी असायची. साठीला टेकलेले, मुरूमकडचे लिंगायत गृहस्थ. गाडीवर रागावले की कानडीत बोलायचे, एरवी बोलणं बेताचंच. ओव्हाळ सकाळी सातला येत, पुढच्या सीटवर बसत, गावाचं नाव सांगत. मग डेपो येईपर्यंत दोघंही रस्त्याकडं बघत राहत. रस्त्याच्या कडेला पाझर तलावाच्या कामावर निघालेल्या बायकांच्या रांगा असत.

ओव्हाळ सेहेचाळीस वर्षांचे होते. घराण्यात पगार घेणारे ते पहिले. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा ते तिशीत होते, नुकतेच नोकरीला लागलेले. कळंबला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. तिथं बायको भिमाबाई राहायची. थोरली लेक केशर बेंबळीला दिली होती. उस्मानाबादला ते भाड्याच्या खोलीत एकटे राहत, पण दर शनिवारी संध्याकाळी कळंबची गाडी पकडत. पायाचं दुखणं सुरू होईपर्यंत.

आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग तळव्यांची आग सुरू झाली, मिरचीच्या खळ्यात अनवाणी फिरून आल्यासारखी. पुढं पुढं आग व्हायची तीही आणि पाय आपले नाहीत असंही वाटायचं, कापसावर चालल्यासारखं. एक दिवस खोलीतल्या फरशीवर रक्ताचे डाग दिसले. कुणाचं म्हणून बघतात, तर त्यांच्याच टाचेत बोटाच्या पेराएवढा बाभळीचा काटा. कधी घुसला ते कळलंही नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं की हा महारोगच. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी वाचलं होतं, बधिरपणा हीच त्याची खूण. लहानपणी गावात एकाला तो झाला होता, कडूबाईच्या नवऱ्याला. गावानं ज्यांना शिवेबाहेर ठेवलं होतं, त्या वस्तीनंही त्याला आणखी बाहेर ठेवलं, ओढ्याच्या काठाला. कडूबाई भाकरी दगडावर ठेवून मागं सरायची. मच्छिंद्र तेव्हा सात-आठ वर्षांचा होता आणि इतर पोरांसारखे त्यानंही लांबून खडे मारले होते.

ओव्हाळांनी कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टरकडं गेले नाहीत. नाव कागदावर चढलं की नोकरी आणि घर दोन्ही गेलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी एक पांढरा इनॅमलचा पेला घेतला आणि त्याशिवाय दुसऱ्या भांड्यातून पाणी पिणं सोडलं. कळंबला महिन्यातून एकदा जात, अंगणात बसत, पगार बायकोच्या हातात न देता ओट्यावर ठेवत आणि पुढच्या गाडीनं परत फिरत.

"काय झालंय तुम्हाला?" भिमाबाईनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. उस्मानाबादला दुसरी बाई असेल, असं गल्लीतल्या बाया बोलतात हे तिच्या कानावर येत होतं.

केशरला मुलगी झाली. नाव ठेवायच्या दिवशी ओव्हाळ बेंबळीला गेले. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव सुजाता ठेवलं. केशरनं हौसेनं बाळ त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि "असू दे, असू दे" म्हणत ते दारातच उभे राहिले. केशरचे हात तसेच पुढं राहिले. सासूनं मग बाळ घेतलं. त्यानंतर केशरची पत्रं यायची बंद झाली.

हे सगळं हणमंतप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसायचं, की साहेब त्यांच्या गाडीला टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीतलं गार पाणी कधी घेत नाहीत. पहिल्यांदा छागल पुढं करायला त्यांना महिना लागला होता. घरात आई होती तोवर शिवाशिव पाळली जायची. पण दुष्काळात महिनाभर एका गाडीत बसल्यावर त्यांनी मनाचा हिय्या केला होता. ओव्हाळांनी मान हलवून नको म्हटलं आणि पिशवीतला आपला पेला काढला. हणमंतप्पांनी पुन्हा विचारलं नाही.

एप्रिल महिन्यात ते कळंबकडून परतत होते. येडशीच्या अलीकडं रेडिएटर तापला. हणमंतप्पांनी बॉनेट उघडलं आणि गाडी थंड व्हायची वाट बघत बसले. ओव्हाळ लघवीला उतरले. त्या दिवसातली ती पाचवी वेळ. परत येऊन ते चपला काढून सीटवर बसले. आग व्हायला लागली की चपला सोसायच्या नाहीत.

अर्ध्या तासानं गाडी निघाली. दोन मैल गेले असतील, हणमंतप्पांनी नाक ओढलं. काहीतरी करपत होतं. त्यांनी खाली बघितलं आणि कचकन ब्रेक दाबला.

"सायेब, पाय! पाय उचला!"

पायाखालची रबरी चटई फाटलेली होती आणि इंजिनाकडचा पत्रा तव्यासारखा तापला होता. ओव्हाळांचा उजवा पाय त्यावर टेकलेला होता. पायजम्याची कड काळी पडली होती आणि तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता. ओव्हाळ त्याच्याकडं दुसऱ्याचा पाय असल्यासारखे बघत राहिले.

हणमंतप्पा खाली उतरून त्यांच्या बाजूला आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पाय हातात घेतला.

"हात लावू नका!" ओव्हाळ ओरडले. "हणमंतप्पा, सोडा. सोडा म्हणतो ना!"

"का? म्या लिंगायत म्हणून? माझं पानी न्हाय घेत, आता हातबी नगं का तुमाला?"

ओव्हाळ थक्क होऊन त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला. "तसं नाही हो," ते म्हणाले. "मला महारोग झालाय. वर्ष होत आलं. तुम्हाला लागू नये म्हणून."

हणमंतप्पांच्या हातातला पाय थोडा खाली गेला, पण त्यांनी सोडला नाही. 

"कुन्या डॉक्टरनं सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग आयका. मगाशी तुमी जिथं लघवीला बसला, तिथं पान्यासाठी डबा घिऊन म्या गेलतो. मुंग्यांचं वारूळ फुटल्यावानी रांग लागलीती. माझ्या भावाचं असंच व्हतं. त्येला साखरंचा आजार हाय. त्येचेबी पाय जळत्यात."

गाडी उस्मानाबादला न जाता येडशीहून बार्शीकडं वळली.

बार्शीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोड धुऊन पट्टी बांधली. पाठ, हात, कानांच्या पाळ्या बघितल्या, कोपराची नस चाचपली. एक दोन दात्यांचा लोखंडी काटा टेबलावर आपटून थरथरता तसाच अंगठ्यावर टेकवला. "काय वाटतं?" ओव्हाळांना काहीच वाटत नव्हतं. गुडघ्यावर टेकवला तेव्हा थरथर कळली. मग कंपाउंडरनं निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल.

"महारोग नाही," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह आहे, आणि बऱ्याच वर्षांचा असणार. रक्तात साखर वाढली की नसा खराब होतात. शरीरात सगळ्यात लांब नस पायाची, म्हणून सुरुवात तिथनं होते."

"पण आग होते आणि कळतही नाही, हे दोन्ही कसं?"

"बिघडलेली नस उगाच ओरडते, आणि खरं सांगायचं तेव्हा गप्प बसते. गोळ्यांनी साखर उतरेल, आग थोडी कमी होईल. गेलेली जाणीव परत येईलच असं मी सांगणार नाही. अनवाणी चालायचं नाही. रोज पाय डोळ्यांनी तपासायचे." त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि लेखणी खाली ठेवली. "आणि महारोग असता तरी त्यालाही औषध आहे, ओव्हाळ. वर्षभर असं राहायचं काही कारण नव्हतं."

बाहेर आल्यावर ओव्हाळ दवाखान्याच्या पायरीवर बसले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्यांना अंगणातली भिमाबाई दिसत होती आणि केशरचे पुढं केलेले हात. हणमंतप्पांनी छागल आणली. ओव्हाळांनी ओंजळ धरली. 

शनिवारी ते कळंबला गेले आणि घरात, चुलीजवळ जाऊन बसले. सगळं सांगितलं. भिमाबाई भाकरी थापायची थांबली.

"एवढं एकट्यानं वाहायला मी मेले होते का?" ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून पुन्हा परातीकडं वळली. "केशरला मी न्हाय सांगणार. तुमचं तुम्ही जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी ते उस्मानाबादला परतल्यावर हणमंतप्पांनी त्यांना बेंबळीला नेलं. संघाच्या कामाची फेरी नव्हती, तरी ते भाड्याचं बोलले नाहीत. जावई व्यंकट खडी फोडायच्या कामावर गेला होता. केशरनं बाज टाकली, पाणी दिलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. ओव्हाळ बोलत होते तोवर तिनं एकदाही वर बघितलं नाही.

"मला वाटलं, पोरगी झाली म्हणून," ती शेवटी म्हणाली. "सासूबाई अजून बोलून दाखवत्यात. तुझ्या बापानंच हात लावला न्हाय म्हणून."

"चुकलं माझं."

"एक कार्ड टाकायचं होतंत, आबा."

 सुजाता दहा महिन्यांची झाली होती. केशरनं तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं तशी तिनं भोकाड पसरलं. हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. केशरनं तिला उचललं नाही. ती भाकरी करायला आत गेली. पोर रडून रडून दमली, मांडीवरून घसरत खाली उतरली आणि त्यांचा पायजमा धरून धडपडत उभी राहिली.

ओव्हाळांनी खाली बघितलं तेव्हा ती त्यांच्या दोन्ही पावलांवर उभी होती. पावलांना काहीही कळत नव्हतं. गुडघ्याला धरलेली मूठ तेवढी कळत होती. ती पडू नये म्हणून त्यांनी तिच्या पाठीला हात लावला, आणि पाय जराही न हलवता ते तसेच बसून राहिले.

परतीच्या वाटेवर हणमंतप्पांनी विचारलं, "काय म्हनली लेक?"

"फार काही नाही," ओव्हाळ म्हणाले. "पुढच्या रविवारी येणार असाल तर जेवायला थांबा, म्हणाली."