तिरकं हसू

भिंगरीला बसवत नव्हतं. हे नाव काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नव्हे. लहानपणी तिच्या पायाला भिंगरी असायची म्हणून आईने ठेवलं आणि ते चिकटलं. आणि या बाईने धंदा पत्करला तो असा, की दिवसभर खुर्चीला खिळून राहायचं. ती इमोजी काढायची. आपण बोटाने दाबतो आणि पलीकडच्याला हसू, रडू, राग पोचवतो ना, ते पिवळे गोल चेहरे. तिच्या कंपनीच्या मेसेज-ॲपमधले बहुतेक चेहरे तिच्या हातचे होते.

कामाची तिची रीत ठरलेली. टेबलावर तळहाताएवढा आरसा असायचा. राग काढायचा तर आधी आरशात बघून स्वतः रागवायचं, भुवई कुठे मोडते ते पाहायचं, मग ती रेघ पडद्यावर उतरवायची. नंतर दारापर्यंत मागे जाऊन लांबून बघायचं, कारण शेवटी चेहरा दिसणार वाटाण्याएवढा. नव्याने कामाला लागलेली माणसं पहिल्या दिवशी दचकायची, बाई भरदिवसा आरशाला दात विचकतायत म्हणून.

त्या आठवड्यात मॅनेजरबाईंनी सांगितलं, की साधं हसू सरळ करायचं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा तो चेहरा. त्याचा डावा कोपरा वर चढलेला आणि उजवीकडे ओठ दाबलेला. लोकांच्या तक्रारी येत होत्या. कुणी आजाऱ्याला धीर द्यायला तो पाठवावा, तर आजाऱ्याला वाटायचं आपली टिंगल चाललीय. दोन्ही कोपरे सारखे करायचे, तासाभराचं काम, शुक्रवारपर्यंत द्यायचं. नवा चेहरा आला की जुना सगळ्यांच्या फोनवरून जाणार.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तासाभराचं ते काम होईना. भिंगरीने धुतलेला कप पुन्हा धुतला, पुसलेला आरसा पुन्हा पुसला. घरी दूध उतू घालवलं. अन्न गोड लागेना. बुधवारी ती मॅनेजरबाईंशी तणतणली, की हे हसू टिंगलीचं नाहीच मुळी. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग कशाचं आहे?" ते सांगायचं सोडून ती आरसा पुसायला निघून गेली.

ते हसू अप्पांचं होतं, तिच्या वडिलांचं. अप्पांनी सगळी नोकरी तिकिटाच्या खिडकीत काढली. तिथले सोबती त्यांना 'तिरके साहेब' म्हणत, आणि पोरीला त्या नावाचा कोण अभिमान! पहिली नोकरी लागल्यावर पहिला चेहरा तिने आरशाशिवाय काढला, तो हाच. पुढे अप्पांचे दात गेले, डॉक्टरांनी कवळी बसवली आणि तोंड कसं सरळ झालं, दुकानाच्या पाटीसारखं. जुनं हसू उरलं होतं ते फक्त फोनमध्ये, आणि आता ते पुसायला कंपनी तिलाच सांगत होती. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अप्पांनाही नाही. ते फोन फक्त कानाला लावायचे.

गुरुवारी काम टाकून ती उठली आणि आईवडिलांच्या घरी गेली. अप्पा मटार सोलत बसले होते. तिने पर्समधून आरसा काढून समोर धरला आणि म्हणाली, "अप्पा, पूर्वीसारखं हसा ना एकदा. ते तिरकं."

अप्पांचा हात थांबला. "ते कशाला आता?"

"मला नीट बघायचंय. पुन्हा बघायला मिळत नाही."

"न मिळो," अप्पा म्हणाले. "उजवीकडचा दात अर्धा तुटलेला होता माझा. लहानपणी नळावर आपटलो होतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी खिडकीशी एक जण म्हणाला, साहेब, आधी तिकीट द्या, खिंड नंतर दाखवा. मागची सगळी रांग हसली. तेव्हापासून त्या बाजूचा ओठ दाबून धरला, तो धरलाच."

आतून आई म्हणाली, "लग्नाच्या फोटोत बघ. तोंडाला कुलूप."

सगळ्या जगाचे चेहरे वाचणारी भिंगरी, आणि तिला घरचा एक चेहरा वाचता आला नव्हता. तिने फोन काढून अप्पांपुढे धरला आणि काय ते सांगून टाकलं. अप्पांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"सगळे हेच पाठवतात?"

"सगळे."

"म्हणजे मी जन्मभर लपवलं, ते तू घरोघर वाटलंस." आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला फार आवडायचं हो ते, अप्पा."

"तुला आवडायचं. मला दुखायचं." त्यांनी पुढची शेंग उचलली. "सरळ कर ते. आता तरी पूर्ण हसू दे मला."

ती परत कामावर आली. रडू येत होतं. तिने आरसा पालथा घातला आणि उजवा कोपरा डाव्याइतका वर नेला. खरंच तासाभराचं काम होतं. दारापर्यंत जाऊन लांबून पाहिलं, तर चेहरा भला दिसत होता. मॅनेजरबाई म्हणाल्या, बघ, उगाच जीव काढलास.

नवा चेहरा सगळ्यांच्या फोनवर पोचला, त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी अप्पांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. पाठवायचं कसं ते त्यांना शिकायचं होतं. पहिला चेहरा कुणाला पाठवायचा हेही त्यांचं ठरलेलं होतं. खिडकीतल्या जुन्या सोबत्याला, 'तिरके साहेब' हे नाव ठेवणाऱ्याला. सोबत चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसतं हसू. थोड्या वेळाने फोन वाजला. उत्तर आलं होतं: 'कोण आपण?'

अप्पा हसायला लागले. हसता हसता कवळी सुटली. ती त्यांनी हातात धरली आणि बोळकं सताड उघडं टाकून हसतच राहिले. तोंडावर हात गेला नाही. असं हसताना भिंगरीने त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ती समोर बसली, ती हललीच नाही. गॅसवर दूध उतू जायला लागलं, तेव्हा आईलाच उठावं लागलं.