पुरुषांनाही होतो

पोहण्याच्या तलावावर मास्तरांचा उभा जन्म उघड्या अंगानं गेला. त्या वर्षी मात्र ते टी-शर्ट घालून पाण्यात उतरू लागले. पोरांनी टर उडवली. "म्हातारपण आलं रे, थंडी वाजते," म्हणत मास्तरही हसले.

खरं कारण त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. छातीवर डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ होती आणि स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

शेवटी बनियनवरचा रक्ताचा डाग मुलीला दिसला.

"बाबा, हे काय?"

"खरचटलं असेल."

तिनं ऐकून घेतलं नाही. त्यांना हाताला धरूनच दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकांवर सगळ्या बायका. नर्सनं आडनाव पुकारलं आणि सरळ मुलीकडे पाहिलं. मास्तर उभे राहिले. "मी आहे पेशंट," एवढं म्हणेपर्यंत त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुकडा काढून तपासला. स्तनाचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला.

"पुरुषांमध्ये क्वचितच होतो, म्हणून कुणाच्या ध्यानीमनी नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता गोळ्यांनी जमेल तितका रोखून धरू."

त्या गोळ्या बायकांनाही देतात म्हटल्यावर मास्तर कानकोंडे झाले. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. "आजार बघून देतात, मिशा बघून नाही. घ्या मुकाट्यानं."

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला होता?"

"आई छातीच्याच दुखण्यानं गेली. तेव्हा कुणी नाव घेत नसे."

"मग हा दोष पिढीजात असू शकतो. तुमचं आणि मुलीचंही रक्त तपासायला हवं."

तोच दोष मुलीच्याही रक्तात निघाला. स्वतःच्या दुखण्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेले मास्तर त्या दिवशी ढसाढसा रडले. "काय देऊन बसलो गं मी तुला!"

"तुम्ही मुद्दाम दिलंत का? निदान मला आधी कळलं तरी," मुलगी म्हणाली.

तिच्या छातीच्या पहिल्या तपासणीला मास्तर हट्टानं गेले. पाठ इतकी दुखत होती, की चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. आतून येऊन ती म्हणाली, "या खेपेला काही नाही, बाबा."

"देवा," म्हणून त्यांनी तिचा हात घट्ट धरला. पण 'या खेपेला' हे शब्द घरी येईपर्यंत त्यांच्या काळजात रुतून राहिले.

महिनाभरानं ते गेले.